राज्य बदलले, तरी अनुज्ञप्ती तीच

(ग्रामपंचायत सदस्य, शिक्षक व शासकीय कर्मचारी यांच्यासाठी दिलेल्या भाषणाचा मजकूर)



पोटापाण्यासाठी, नोकरीतील बदलीमुळे, विवाहामुळे किंवा मुलांच्या शिक्षणासाठी आपले राज्य सोडून शेजारच्या अथवा दूरच्या राज्यात जाऊन राहणे ही आज अपवादात्मक गोष्ट राहिलेली नाही. चंदगड तालुक्यातील तरुण कामासाठी बेळगाव गाठतो. सावंतवाडी-दोडामार्गचा गोव्यात जातो. देगलूर-बिलोलीकडचा तेलंगणात, तर तलासरीकडचा वापी-उंबरगावच्या कारखान्यांत काम शोधतो. ऊसतोडणीच्या हंगामात बीड जिल्ह्यातील कितीतरी कुटुंबे कर्नाटकातील साखर कारखान्यांच्या परिसरात मुक्काम करतात. या सर्वांमध्ये ज्यांचे पोट चाकावर अवलंबून आहे, अशांचा वर्ग मोठा आहे. कोणी मालमोटार चालवितो, कोणी ट्रॅक्टर, कोणी टेम्पो, तर कोणी कारखान्याची बस. शिवाय स्वतःच्या मोटारसायकलीवरून कामावर जाणारे तर असंख्य आहेत.

नव्या गावी पाऊल टाकताच या माणसांपुढे एक प्रश्न हमखास उभा राहतो. महाराष्ट्रात काढलेली वाहन चालविण्याची अनुज्ञप्ती, म्हणजे ज्याला सर्वजण 'लायसन' म्हणतात ते, या नव्या राज्यात चालते की नाही? की येथे पुन्हा नव्याने परीक्षा देऊन दुसरे लायसन काढले पाहिजे? प्रश्न साधा आहे आणि त्याचे उत्तरही साधे आहे. परंतु ते ठाऊक नसल्यामुळे अनेक जण विनाकारण पैसे खर्च करतात, कामाचे दिवस वाया घालवितात आणि कधी कधी नकळत कायद्याचा भंगही करून बसतात. म्हणूनच ज्यांच्याकडे गावातील माणूस सल्ला विचारायला येतो, त्या पंचायत सदस्यांनी, शिक्षकांनी आणि कर्मचाऱ्यांनी या विषयाची नेमकी माहिती करून घेणे अगत्याचे आहे.

कायदा काय सांगतो

आपल्या राज्यघटनेच्या १९ व्या अनुच्छेदाने प्रत्येक नागरिकाला भारताच्या राज्यक्षेत्रात सर्वत्र मुक्तपणे संचार करण्याचा आणि कोणत्याही भागात राहण्याचा व स्थायिक होण्याचा हक्क दिला आहे. यंत्रशक्तीवर चालणारी वाहने हा विषय घटनेच्या समवर्ती सूचीत आहे. त्यामुळे वाहनांविषयीचा मूळ कायदा संसदेने केलेला असून तो सर्व राज्यांना सारखाच लागू आहे. १९३९ चा जुना कायदा जाऊन त्या जागी मोटार वाहन अधिनियम, १९८८ आला आणि तो १ जुलै १९८९ पासून अंमलात आला. त्याच्या जोडीला केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ हे आहेत.

या अधिनियमाचे कलम १३ अवघ्या एका वाक्याचे आहे. परंतु स्थलांतरित माणसाच्या दृष्टीने त्याचे मोल फार मोठे आहे. या अधिनियमाखाली दिलेली शिकाऊ अनुज्ञप्ती किंवा वाहन चालविण्याची अनुज्ञप्ती संपूर्ण भारतात परिणामक राहील, असे ते कलम सांगते. नागपूरच्या प्रादेशिक परिवहन कार्यालयाने दिलेली अनुज्ञप्ती रायपूरला चालते, सोलापूरची विजापूरला चालते आणि पुण्याची गुवाहाटीलाही चालते. अनुज्ञप्तीच्या क्रमांकातील आरंभीची 'एमएच' ही अक्षरे ती कोणत्या राज्यात दिली गेली एवढेच दर्शवितात. ती कोठे चालेल याची सीमा त्या अक्षरांनी आखलेली नाही.

या बाबतीत परदेशातील पद्धतीमुळेही काही गैरसमज पसरतो. अमेरिकेत अनुज्ञप्ती देण्याचे अधिकार तेथील प्रत्येक राज्याकडे आहेत. तेथे एका राज्यातून दुसऱ्या राज्यात राहायला गेलेल्या माणसाला ठरावीक मुदतीत नव्या राज्याची अनुज्ञप्ती घ्यावी लागते. ही मुदत कॅलिफोर्नियात १० दिवसांची, न्यूयॉर्क राज्यात ३० दिवसांची, तर टेक्सासमध्ये ९० दिवसांची आहे. तेथे नोकरीस असलेल्या मुलांकडून किंवा नातलगांकडून हे ऐकलेले असते आणि आपल्याकडेही तसेच असावे, अशी समजूत होते. वस्तुतः आपली व्यवस्था वेगळी आहे. भारतात राज्य बदलल्याने अनुज्ञप्ती बदलावी लागत नाही.

गावातील लोकांना हे समजावून सांगताना एक तुलना उपयोगी पडेल. मतदार यादीतील नाव हे त्या त्या मतदारसंघाशी जोडलेले असते, म्हणून कायमचे ठिकाण बदलले की ते नाव हलवावे लागते. अनुज्ञप्तीचे तसे नाही. ती माणसाच्या कौशल्याचा दाखला आहे. गाडी चालविण्याचे कौशल्य राज्याची हद्द ओलांडली म्हणून कमी होत नाही, आणि त्याचा दाखलाही निरुपयोगी ठरत नाही.

एका माणसाची एकच अनुज्ञप्ती

दुसरी अनुज्ञप्ती काढण्याची गरज नाही, एवढेच सांगून भागत नाही. ती काढणे हे कायद्याला मान्यच नाही, हेही लोकांना कळले पाहिजे. अधिनियमाच्या कलम ६ नुसार, एक अनुज्ञप्ती अंमलात असताना कोणाही व्यक्तीला वाहन चालविण्याची दुसरी अनुज्ञप्ती धारण करता येत नाही. आपल्याकडील अनुज्ञप्तीत नसलेल्या वाहनप्रकाराचे शिक्षण घेण्यासाठी शिकाऊ अनुज्ञप्ती घेता येते, ती बाब निराळी.

या नियमामागील हेतू समजून घेण्यासारखा आहे. भरधाव किंवा मद्य प्राशन करून गाडी हाकणाऱ्याची अनुज्ञप्ती न्यायालय किंवा अनुज्ञप्ती प्राधिकारी निलंबित करू शकतात. अशा माणसाच्या खिशात दुसऱ्या राज्याची आणखी एक अनुज्ञप्ती असेल, तर त्या शिक्षेला काहीच अर्थ उरणार नाही. ही पळवाट बंद व्हावी म्हणून २०१९ च्या सुधारणेने अधिनियमात कलम २५-अ घालून संपूर्ण देशासाठी अनुज्ञप्तींच्या राष्ट्रीय नोंदवहीची तरतूद करण्यात आली. निरनिराळ्या राज्यांतील नोंदी आता 'सारथी' या संगणक प्रणालीत असतात. एका राज्यातील नोंद दुसऱ्या राज्यातील कार्यालयाला दिसू शकते. दोन ठिकाणी दोन नोंदी खपून जातील, असे दिवस आता राहिलेले नाहीत.

समजा, लातूर जिल्ह्यातील एक चालक सुरतेला मालमोटारीवर नोकरीस लागला. त्याच्याकडे परिवहन वाहनाची रीतसर अनुज्ञप्ती आहे. परंतु इथले लायसन असल्याशिवाय पोलीस अडवतील, असे त्याला कोणीतरी सांगतो आणि एखादा मध्यस्थ काही हजार रुपयांत नवे लायसन काढून देण्याचे कबूल करतो. तो अर्ज पुढे सरकण्यासाठी पूर्वीच्या अनुज्ञप्तीची माहिती दडवावी लागते. म्हणजे ज्याच्याकडे खरा दाखला होता, तो माणूस पैसे देऊन खोट्या निवेदनाचा धनी होतो. फसवणुकीने किंवा चुकीची माहिती देऊन अनुज्ञप्ती मिळविणाऱ्यास अनुज्ञप्ती धारण करण्यास अपात्र ठरविण्याचा अधिकार कलम १९ ने प्राधिकाऱ्याला दिलेला आहे. चालकाच्या दृष्टीने अपात्र ठरणे म्हणजे रोजगार जाणे होय. गरज नसलेल्या एका कागदासाठी असलेली भाकरी गमावण्याचा हा प्रकार आहे.

पत्त्यातील बदल

मग दुसऱ्या राज्यात गेल्यावर काहीच करायचे नाही काय? काही बाबतीत अवश्य करायचे आहे. जो माणूस दररोज सीमेपलीकडे जाऊन संध्याकाळी घरी परततो, किंवा हंगामापुरता जाऊन पुन्हा गावी येतो, त्याचे राहते घर गावातच असते. त्याने अनुज्ञप्तीत कोणताही फेरफार करण्याचे कारण नाही. परंतु जो कुटुंबासह दुसऱ्या राज्यात स्थिरावला आहे, त्याने अनुज्ञप्तीवरील पत्ता बदलून घेणे त्याच्याच हिताचे आहे. ओळख पटविण्याच्या वेळी चुकीचा पत्ता अडचण निर्माण करतो. कार्यालयाची नोटीस जुन्या गावी जाऊन पडून राहते. पुढे नूतनीकरण करताना टपालाने येणारे कार्डही भलत्याच ठिकाणी जाते.

पत्ता बदलण्यासाठी पुन्हा वाहन चालविण्याची परीक्षा द्यावी लागत नाही. सारथीच्या संकेतस्थळावर, माणूस आता ज्या राज्यात राहतो ते राज्य निवडून, अनुज्ञप्तीचा क्रमांक व जन्मतारीख भरली असता नोंद समोर येते. तेथे पत्त्यातील बदल ही सेवा निवडून नमुना २ मधील अर्ज भरावा, नव्या पत्त्याचा पुरावा जोडावा आणि शुल्क भरावे. २०१६ च्या डिसेंबरमधील केंद्रीय अधिसूचनेने या कामासाठी २०० रुपये शुल्क ठरविले; स्मार्ट कार्डाचे व इतर आकार त्याहून वेगळे असतात. अर्ज करताना संकेतस्थळावर दिसेल तेवढीच रक्कम भरावी आणि तिची पावती जपून ठेवावी. मार्च २०२१ मध्ये केंद्र शासनाने आधार प्रमाणीकरणाच्या साहाय्याने घरबसल्या मिळू शकणाऱ्या सेवा अधिसूचित केल्या. अनुज्ञप्तीवरील पत्त्यातील बदल ही त्यांपैकीच एक सेवा आहे. आधारवर नवा पत्ता आधी नोंदवून घेतला, तर पुढील काम पुष्कळ सुकर होते. ज्यांना ही सोय वापरावयाची नसेल, त्यांनी मूळ कागदपत्रांसह तेथील परिवहन कार्यालयात जावे.

स्थलांतरित कामगाराची खरी अडचण पत्त्याच्या पुराव्याची असते. तो भाड्याच्या खोलीत राहतो; घरमालक करारनामा करून देत नाही; विजेचे देयक मालकाच्याच नावाचे असते. केंद्रीय नियमांतील नियम ४ मध्ये वय व पत्ता यांच्या पुराव्यादाखल चालणारे दस्तऐवज दिलेले आहेत. पारपत्र, आयुर्विम्याची पॉलिसी, शासकीय कार्यालयाची किंवा स्थानिक संस्थेची वेतनचिठ्ठी यांसारखे कागद त्यांत येतात. परंतु पुरेशा कारणास्तव यांपैकी कोणताच दस्तऐवज देता येत नसेल, तर कार्यकारी दंडाधिकारी, प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारी किंवा नोटरी यांच्यासमोर केलेले प्रतिज्ञापत्र प्राधिकाऱ्याला पुरावा म्हणून स्वीकारता येते, अशीही तरतूद त्याच नियमात आहे. ही तरतूद माहीत नसल्याने अनेक जण कार्यालयाच्या दारातून माघारी फिरतात. ती त्यांच्यापर्यंत पोहोचविली पाहिजे.

याच ठिकाणी एका लहानशा गोष्टीचा उल्लेख करणे जरूर आहे. ती म्हणजे नोंदविलेला भ्रमणध्वनी क्रमांक. परराज्यात गेल्यावर अनेक जण जुना क्रमांक बंद करून नवा घेतात. सारथीवरील कामासाठी लागणारा ओटीपी मात्र जुन्याच क्रमांकावर जात राहतो आणि काम अडून बसते. गाडीच्या नोंदीत जुना क्रमांक असेल, तर दंडाच्या चलनाचा निरोपही मालकापर्यंत पोहोचत नाही. म्हणून क्रमांक बदलण्यापूर्वीच दोन्ही नोंदींत तो अद्ययावत करून घेणे शहाणपणाचे ठरते.

मुदत संपते तेव्हा

राज्य बदलल्याने अनुज्ञप्ती निकामी होत नाही, हे खरे. परंतु मुदत संपल्याने ती निश्चितपणे निकामी होते. परराज्यात राहणाऱ्या चालकांच्या बाबतीत खरा धोका येथेच असतो. गावी गेल्यावर बघू, असे म्हणत तारीख निघून जाते. पूर्वी मुदत संपल्यानंतरही ३० दिवसांपर्यंत अनुज्ञप्ती परिणामक मानली जात असे. २०१९ च्या सुधारणेने ही सवलत काढून टाकली आहे. आता छापील तारीख उलटली, की दुसऱ्या दिवसापासून तो माणूस अनुज्ञप्तीविना वाहन चालवीत आहे, असेच मानले जाते.

त्याच सुधारणेनुसार खाजगी वाहनाच्या अनुज्ञप्तीची मुदत वयावर ठरते. ३० वर्षांखालील व्यक्तीला ती वयाच्या ४० व्या वर्षापर्यंत मिळते. ३० ते ५० या वयात १० वर्षांसाठी, ५० ते ५५ या वयात ६० व्या वर्षापर्यंत आणि त्यानंतर दर वेळी ५ वर्षांसाठी मिळते. परिवहन वाहनाची मुदत ५ वर्षांची, तर धोकादायक मालाची वाहतूक करणाऱ्या चालकाची ३ वर्षांची असते. त्यापूर्वी दिलेल्या अनुज्ञप्तींवर जी तारीख छापलेली आहे, तीच प्रमाण मानावी.

नूतनीकरणासाठी मूळ गावी परतण्याची मात्र आवश्यकता नाही. कलम १५ मध्ये 'कोणताही अनुज्ञप्ती प्राधिकारी' नूतनीकरण करू शकेल, असे म्हटले आहे. नूतनीकरण करणारे कार्यालय मूळ कार्यालयाहून वेगळे असेल, तर त्याने तशी सूचना मूळ कार्यालयाला द्यावी, अशीही तरतूद त्याच कलमात आहे. मुदत संपण्याच्या एक वर्ष आधीपासून ते मुदत संपल्यानंतर एक वर्षापर्यंत हा अर्ज करता येतो. त्याहून अधिक काळ लोटला, तर पुन्हा वाहन चालविण्याची चाचणी द्यावी लागते. वयाची ४० वर्षे पूर्ण झालेल्यांना आणि परिवहन वाहनाच्या चालकांना नमुना १-अ मधील वैद्यकीय प्रमाणपत्र जोडावे लागते.

या दिरंगाईची किंमत किती मोठी असू शकते, याची कल्पना चालकांना व वाहनमालकांना दिली पाहिजे. परिणामक अनुज्ञप्तीविना वाहन चालविल्यास कलम १८१ खाली ५,००० रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कारावास किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. अशा माणसाच्या हाती गाडी देणारा मालकही कलम १८० खाली दोषी ठरतो. परंतु दंडापेक्षाही गंभीर प्रश्न अपघाताच्या वेळी उभा राहतो. चालकाकडे परिणामक अनुज्ञप्ती नव्हती, हा विमा कंपनीला कायद्याने उपलब्ध असलेला बचाव आहे. सर्वोच्च न्यायालयाने २००४ मधील स्वरणसिंग प्रकरणात या प्रश्नाचा सविस्तर विचार केला. अपघातग्रस्ताला भरपाई देण्यास विमा कंपनीला भाग पाडले, तरी योग्य प्रकरणी ती रक्कम नंतर वाहनमालकाकडून वसूल करण्याची मुभा तिला मिळू शकते, अशी भूमिका त्या निर्णयात आहे. एका अपघाताची भरपाई काही लाखांची असू शकते. कर्ज काढून टेम्पो घेतलेल्या छोट्या मालकाचा संसार तेवढ्याने मोडू शकतो. आणि हे सारे टळू शकते ते एका तारखेकडे वेळीच लक्ष दिल्याने.

शिकाऊ उमेदवार आणि जुनी पुस्तिका

दोन प्रकारच्या व्यक्तींनी गाव सोडण्यापूर्वी विशेष काळजी घ्यावयास हवी. पहिला वर्ग शिकाऊ अनुज्ञप्ती काढलेल्या तरुणांचा. तिची मुदत ६ महिन्यांची असते आणि ती मिळाल्यापासून किमान ३० दिवस झाल्याखेरीज पक्क्या अनुज्ञप्तीची चाचणी देता येत नाही. शिकाऊ अनुज्ञप्तीही देशभर चालते, हे खरे; परंतु पक्क्या अनुज्ञप्तीसाठी, माणूस सामान्यतः ज्या राज्यात राहतो किंवा व्यवसाय करतो, त्या राज्यातील प्राधिकाऱ्याकडे अर्ज करावा लागतो. मधल्या काळात पत्ता बदलला, तर कागदपत्रांचा मेळ घालताना वेळ जातो. म्हणून शक्य असेल तर चाचणी उरकूनच बाहेरगावी जाणे श्रेयस्कर होय.

दुसरा वर्ग जुन्या पुस्तिकाधारकांचा. संगणक येण्यापूर्वी हाताने लिहिलेल्या पुस्तिकेच्या रूपात अनुज्ञप्ती दिल्या जात. अशा सर्वच नोंदी सारथीवर चढलेल्या असतील, असे नाही. नोंद तेथे नसेल, तर परराज्यातील कार्यालयाला ती पडताळता येत नाही आणि चालकाला मूळ कार्यालयाकडे धाव घ्यावी लागते, कारण जुनी नोंद संगणकावर चढविण्याचे काम ज्या कार्यालयाने अनुज्ञप्ती दिली त्याच्याकडेच असते. घरातून निघण्यापूर्वी सारथीवर क्रमांक टाकून नोंद दिसते की नाही, एवढे पाहण्यास पाच मिनिटे पुरतात. नंतर त्याच कामासाठी शेकडो किलोमीटरचा प्रवास करावा लागू शकतो. पूर्वी नवे कार्यालय मूळ कार्यालयाचे ना-हरकत प्रमाणपत्र आणावयास सांगत असे. नोंद संगणकावर असल्यास पडताळणी तेथेच होऊ शकते. तरीही एखाद्या कार्यालयाने कागदी पुरावा मागितलाच, तर अनुज्ञप्तीचा उतारा सारथीवरून मागविता येतो.

अनुज्ञप्ती जवळ बाळगण्याच्या बाबतीतही एक सोय झाली आहे. २०१८ मध्ये केंद्रीय नियम १३९ मध्ये सुधारणा होऊन कागदपत्रे इलेक्ट्रॉनिक स्वरूपात दाखविण्यास मान्यता मिळाली. डिजिलॉकर किंवा एमपरिवहन यांतील अनुज्ञप्ती तपासणीच्या वेळी दाखविता येते. मात्र भ्रमणध्वनीवर काढून ठेवलेले साधे छायाचित्र म्हणजे ही अनुज्ञप्ती नव्हे, हा फरक लोकांना समजावून द्यावा.

रिक्षा, टॅक्सी अथवा प्रवासी बस चालविणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. अनुज्ञप्ती केंद्रीय कायद्याखाली असली, तरी सार्वजनिक सेवा वाहनाच्या चालकाचा बिल्ला व त्याविषयीच्या अटी राज्याच्या नियमांखाली येतात. त्यामुळे नव्या राज्यात असे वाहन चालविण्यापूर्वी तेथील कार्यालयात बिल्ल्याविषयी स्वतंत्र चौकशी करणे आवश्यक आहे.

अनुज्ञप्ती माणसाची, नोंदणी गाडीची

या विषयातील बराचसा गोंधळ दोन वेगळ्या गोष्टी एकत्र केल्यामुळे होतो. अनुज्ञप्ती ही माणसाची असते आणि नोंदणी ही गाडीची असते. पोलिसांनी अडविल्याची जी तक्रार ऐकू येते, ती पुष्कळदा चालकाच्या अनुज्ञप्तीविषयी नसून परराज्याच्या क्रमांकाच्या गाडीविषयी असते. वाहनांवरील कर हा घटनेच्या राज्यसूचीतील विषय आहे. गाडी ज्या राज्यातील रस्ते वापरते, त्या राज्याला कर मिळावा, हे त्यामागील तत्त्व आहे. म्हणून गाडीच्या बाबतीतले नियम वेगळे आहेत.

कलम ४७ नुसार एका राज्यात नोंदलेली गाडी दुसऱ्या राज्यात १२ महिन्यांहून अधिक काळ ठेवली, तर तेथे नवे नोंदणी चिन्ह घ्यावे लागते. त्यासाठी मूळ कार्यालयाचे ना-हरकत प्रमाणपत्र लागते आणि नव्या राज्याचा कर भरावा लागतो. मूळ राज्यात भरलेल्या एकरकमी कराचा उरलेल्या काळाचा हिस्सा परत मिळण्यासाठी तेथे रीतसर अर्ज करावा लागतो. निवासाचा पत्ता बदलल्यास कलम ४९ नुसार ३० दिवसांच्या आत नोंदणी प्राधिकाऱ्याला कळवावे लागते. चार-सहा महिन्यांसाठी गाडी घेऊन गेलेल्या माणसाला मात्र नवे नोंदणी चिन्ह घेण्याची आवश्यकता नाही.

वारंवार बदली होणाऱ्यांसाठी केंद्र शासनाने सप्टेंबर २०२१ पासून 'बीएच' ही नोंदणी मालिका सुरू केली. संरक्षण दलांतील व्यक्ती, केंद्र व राज्य शासनाचे कर्मचारी, सार्वजनिक उपक्रमांतील कर्मचारी आणि ज्या खाजगी संस्थांची चार किंवा अधिक राज्यांत कार्यालये आहेत त्यांचे कर्मचारी यांना आपल्या खाजगी गाडीसाठी तिचा लाभ घेता येतो. या मालिकेत कर दोन वर्षांच्या हप्त्यांनी भरता येतो आणि राज्य बदलल्यावर नवा क्रमांक घ्यावा लागत नाही. २०२२ च्या डिसेंबरमधील सुधारणेने जुन्या नोंदणीच्या गाड्यांनाही या मालिकेत येण्याची वाट मोकळी झाली. शासकीय सेवेतील ज्यांची परराज्यात बदली होते, त्यांनी या सोयीची माहिती जरूर करून घ्यावी.

गावपातळीवर काय करता येईल

कायद्याने सोय केली, म्हणजे ती आपोआप लोकांच्या पदरात पडते, असे होत नाही. कलम १३ पूर्वीपासून कायद्यात आहे. तरीही परराज्यात दुसरे लायसन काढण्यासाठी मध्यस्थाच्या मागे फिरणारी माणसे आढळतात. हे अंतर भरून काढण्याचे काम गावपातळीवरच होऊ शकते, आणि त्याला फारसा खर्चही नाही.

ग्रामपंचायतीने हंगामी स्थलांतराच्या आधी, म्हणजे दसरा-दिवाळीच्या सुमारास, गावातील चालकांची एक छोटी बैठक घ्यावी. ग्रामपंचायतीच्या संगणकावर किंवा आपले सरकार सेवा केंद्रात प्रत्येकाचा अनुज्ञप्ती क्रमांक टाकून नोंद दिसते काय, मुदत केव्हा संपते आणि भ्रमणध्वनी क्रमांक योग्य आहे काय, या तीन गोष्टी पाहाव्यात. ज्याची मुदत येत्या वर्षात संपत असेल, त्याला निघण्यापूर्वीच नूतनीकरण करून घेण्यास सांगावे, कारण एक वर्ष आधीपासून अर्ज करण्याची सवलत आहे. सूचना फलकावर चार ओळींचा मजकूर लिहिला, तरी तो कितीतरी घरांपर्यंत पोहोचेल.

माध्यमिक शाळांतील व कनिष्ठ महाविद्यालयांतील शिक्षकांना नागरिकशास्त्राच्या तासाला यापेक्षा चांगले उदाहरण मिळणार नाही. समवर्ती सूची आणि राज्यसूची हा भेद मुलांना रुक्ष वाटतो. परंतु बापाचे लायसन सगळ्या देशात का चालते आणि त्याच्याच मोटारसायकलीला वर्षाने नवा क्रमांक का घ्यावा लागतो, असे विचारले, तर तोच भेद त्यांना चटकन उमगतो. त्यातील अनेक मुले अठरा वर्षांची होताच स्वतः अनुज्ञप्तीसाठी अर्ज करणार आहेत. त्यांना त्या वेळी मध्यस्थाची वाट धरावी लागू नये.

कार्यालयांत काम करणाऱ्या कर्मचाऱ्यांचीही यात महत्त्वाची भूमिका आहे. आपल्या राज्यातून जसे लोक बाहेर जातात, तसेच बिहार, उत्तर प्रदेश, कर्नाटक, तेलंगणा येथून कितीतरी चालक महाराष्ट्रात येतात. त्यांच्या हातातील अनुज्ञप्तीलाही कलम १३ तेवढेच लागू आहे. परराज्याची अक्षरे पाहून त्यांना नवे लायसन काढून आणावयास सांगणे हे कायद्याला धरून नाही. बेळगावात किंवा सुरतेत आपल्या माणसाला जी वागणूक मिळावी असे वाटते, तीच पुण्याच्या किंवा नाशिकच्या नाक्यावर परराज्यातील चालकाला मिळाली पाहिजे.

तेव्हा परगावी निघालेला चालक सल्ला विचारण्यास आला, तर त्याला एवढे निश्चयाने सांगावे: दुसरे लायसन काढू नकोस, असलेले जप. त्याची तारीख पाहा, कायमचे ठिकाण बदलल्यास पत्ता बदलून घे, आणि गाडी सोबत नेत असशील तर बारा महिन्यांची मर्यादा लक्षात ठेव. ज्याच्या हाती चाक आहे, त्याच्या घरची चूल त्या चाकावर चालते. त्याच्या कागदपत्रांची ही थोडी काळजी घेतली गेली, तर परमुलखातही त्याला निर्धास्तपणे आपले काम करता येईल.